वेगवान मोटार आणि घरचा जमाखर्च

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात दिवेलागणीच्या सुमारास, हातगाड्या, रिक्षा, कापडाचे तागे वाहणारे टेम्पो आणि खरेदीस निघालेली कुटुंबे यांनी रस्ता भरून गेलेला असता, एम.एच. 05 या क्रमांकाची पाटी लावलेली, जमिनीस लगटून चालणारी आणि रुंद चाकांवर बसलेली एखादी मोटार जेव्हा पायी चालणाऱ्यांच्याच गतीने वाट काढू लागते, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी निदान निम्म्यांच्या ओठांवर एकच प्रश्न येतो : 'किती पडली असेल हो?' हा प्रश्न स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. खरेदीची रक्कम एकदाच मोजावी लागते. गाडी बाळगण्याची रक्कम मात्र पुढे पाच-सात वर्षे, दर महिन्यास, घराच्या जमाखर्चात उमटत राहते, आणि ऐपतीचा निकाल लागतो तो तेथे.

या हौसेस नाके मुरडण्याचा माझा मुळीच विचार नाही. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली, 1949 साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि हाती भांडवल नसताना ज्यांनी येथे फर्निचर, कापड आणि पुढे जीन्स यांचा व्यापार उभा केला, त्यांच्या नातवास शोरूमच्या काचेआड उभ्या असलेल्या मोटारीचा मोह पडला, तर त्यात निंद्य असे काय आहे? अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकास किंवा बदलापुराहून रोज मुंबई गाठणाऱ्या संगणक अभियंत्यासही तो मोह पडतो. प्रश्न मोहाचा नसून गणिताचा आहे, आणि शोरूममध्ये जे गणित मांडून दाखविले जाते त्यात वजाबाकीची बाजू फार थोडी असते.

प्रथम या वेगवान मोटारींची जात ओळखून घेऊ. बी.एम.डब्ल्यू.ची एम 340 आय ही मोटार मार्च 2021 मध्ये आपल्याकडे आली तेव्हा तिची शोरूममधील किंमत 62 लाख 90 हजार रुपये होती. सहा सिलिंडरांचे तीन लिटरचे इंजिन, 387 अश्वशक्ती, आणि स्थिर अवस्थेतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांच्या आत. ऑक्टोबर 2025 मध्ये स्कोडा कंपनीने ऑक्टाव्हिया आर.एस.च्या अवघ्या शंभर मोटारी 49 लाख 99 हजार या किमतीने भारतात आणल्या आणि त्या हातोहात खपल्या. याच ऑक्टाव्हियाची साधी बहीण एके काळी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा वसाहतीत जुळविली जात असे आणि महाराष्ट्रातील कित्येक डॉक्टर-वकिलांच्या दारी उभी असे. दिसावयास दोघी सारख्याच. परंतु जिच्या पाठीवर आर.एस. ही दोन अक्षरे बसली, तिचे ब्रेक, तिचे टायर, तिचे तेल, तिचा विमा, सगळ्यांचेच दर निराळे होतात. वेगवान मोटार म्हणजे अधिक शक्तीचे इंजिन, ही समजूत अर्धीच खरी आहे. त्या शक्तीस आवर घालणारा प्रत्येक भागही तितकाच महाग असतो, आणि झिजतात ते मुख्यतः हे आवर घालणारे भाग.

महागडी परदेशी मोटार घेताना तिची कंपनी येथे किती काळ पाय रोवून राहील, हाही प्रश्न ऐपतीतच मोडतो, हे आपल्या टापूतील लोकांना निराळे सांगावयास नको. कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवर प्रीमियर कंपनीचा कारखाना होता, आणि 1990 च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून तेथे 309 नावाची मोटार बनू लागली. गाडी उत्तम होती असे ती चालविलेले लोक आजही सांगतात. परंतु कामगारतंटा आणि भागीदारांतील बेबनाव यांत दोन-तीन वर्षांतच तो संसार आटोपला, प्यूजो निघून गेली, आणि ज्यांनी ती मोटार हौसेने घेतली होती त्यांच्यावर सुट्या भागांसाठी भंगारबाजार धुंडाळण्याची पाळी आली. तेव्हा अवघ्या शंभर किंवा दीडशे संख्येने देशात येणारी मोटार घेताना, आठ वर्षांनी तिचा पुढचा दिवा फुटला तर तो कोठून आणि किती दिवसांनी येईल, एवढे विक्रेत्यास विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

आता हिशेबाकडे वळू. सोयीसाठी शोरूममध्ये 50 लाख रुपये किमतीची, देशातच जुळविलेली पेट्रोलची मोटार धरू. या 50 लाखांत सरकारचा वाटा आधीच मिसळलेला असतो : 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर 40 टक्के झाला आहे, म्हणजे 50 लाखांपैकी सुमारे सव्वाचौदा लाख कराचेच. त्यावर महाराष्ट्र सरकारचा एकरकमी वाहन कर येतो. व्यक्तीच्या नावावरील आणि 20 लाखांहून महाग अशा पेट्रोल मोटारीस तो 13 टक्के, म्हणजे साडेसहा लाख. दहा लाखांवरील मोटारीच्या विक्रीवर विक्रेता एक टक्का रक्कम प्राप्तिकरापोटी आगाऊ वसूल करतो. येथे ती 50 हजार होते, पण विवरणपत्र भरताना ती वळती करून घेता येते, आणि ती करून घ्यावयास विसरणारे महाभागही पुष्कळ आहेत. मग विमा. म्हणजे 50 लाखांची मोटार रस्त्यावर उतरेतो 59 लाखांच्या घरात जाते, आणि त्यातील जवळजवळ एकवीस लाख रुपये सरकारी तिजोरीत जमा झालेले असतात, जे पुढे गाडी विकताना कोणीही गिऱ्हाईक तुम्हांस परत देणार नाही.

आपण 40 लाख कर्ज काढले आणि व्याजाचा दर 9 टक्के धरला, तर पाच वर्षांच्या मुदतीस मासिक हप्ता 83 हजारांचा येतो आणि व्याजापोटी एकंदर 9 लाख 82 हजार जातात. हप्ता जड वाटला की समोरचा मनुष्य गोड आवाजात सात वर्षांची मुदत सुचवितो. हप्ता 64 हजारांवर उतरतो, आणि व्याज चढून 14 लाखांवर जाते. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे आपली ऐपत सिद्ध झाली, अशी एक भाबडी समजूत सुशिक्षितांतही आढळते. बँक तपासते ती तिच्या पैशाची सुरक्षितता : तुमची पगारपत्रके, मागील कर्जांची फेड, आणि वेळ पडल्यास मोटार ओढून नेता येईल की नाही. हप्ता भरून झाल्यावर तुमच्या घरात मुलीच्या शिक्षणास, आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेस किंवा दोन महिने बसलेल्या धंद्यास काही उरते काय, हे पाहणे तिचे काम नव्हे.

पाच वर्षांनी काय होते ते पाहू. विम्याच्या प्रचलित घसाराकोष्टकाप्रमाणे मोटारीचे मूल्य सहा महिन्यांच्या आत 5 टक्क्यांनी, वर्ष भरताना 15 टक्क्यांनी, आणि पाचवे वर्ष सरेतो 50 टक्क्यांनी उतरलेले मानतात. बाजारात याहून बरा भाव आला तर आपले नशीब. म्हणजे कर धरून साडेछप्पन लाखांस घेतलेली वस्तू 25 लाखांची झाली. गेले साडेएकतीस लाख. त्यात जवळजवळ दहा लाख व्याज मिळवा. महिन्यास आठशे किलोमीटर चालविली, आणि शहरातल्या रखडत्या रहदारीत एका लिटरास आठ किलोमीटर मिळाले (ही मोटार घेणाऱ्यास 'एव्हरेज किती देते?' असे विचारणारे शेजारी भेटतातच), तर 105 रुपये दराने महिन्यास साडेदहा हजार, पाच वर्षांस सव्वासहा लाख. विम्यास सहा लाख आणि देखभाल, टायर, ब्रेक या सर्वांस मिळून आणखी सहा लाख धरले, तर बेरीज साठ लाखांच्या आसपास येते. साठ महिने, साठ लाख : महिन्यास एक लाख रुपये. हप्ता 83 हजारांचाच होता हे खरे. पण हप्त्यातील एक भाग तरी शेवटी गाडीच्या उरलेल्या किमतीच्या रूपाने परत येतो, आणि ज्याची पावती कोणी देत नाही ती झीज मात्र कायमची जाते. पूर्वीच्या सरदारांच्या दारी हत्ती झुलत असे, आणि हत्तीच्या किमतीने कोणी बुडाला नाही. बुडाले ते माहुताच्या पगाराने आणि रोजच्या वैरणीने.

रोख रक्कम मोजून घेणाऱ्यास हा हिशेब लागू नाही, असे समजू नये. 59 लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवीत राहिले असते तर वर्षास तीन लाख 83 हजार रुपये व्याज आले असते. ते येणे बंद झाले, हाही खर्चच होय.

आता आपल्या रस्त्यांविषयी. या मोटारींच्या टायरच्या बाजूस बहुधा 225/40 असा काहीसा आकडा कोरलेला असतो; त्याचा अर्थ असा की टायरची रुंदी 225 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 40 टक्के, म्हणजे अवघी 90 मिलिमीटर. चाकाची धातूची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये एवढेच रबर. श्रावणात कल्याण-बदलापूर मार्गावर पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे त्यात उतरल्याशिवाय कळत नाही, आणि या उंचीच्या टायरास ते कळते तेव्हा बाजूस फुगा आलेला असतो किंवा चाकाची कड वाकलेली असते. एक टायर गेला तर त्याच अक्षावरील दुसराही बहुधा बदलावा लागतो. सोसायटीच्या फाटकाशी कोणा उत्साही कार्यकारिणीने घातलेला गतिरोधक ओलांडताना ही मोटार तिरकी करून एकेक चाक चढवावे लागते, मागचा रिक्षावाला भोंगा वाजवीत असतो, आणि तरीही पुढच्या ओठाखालून 'खर्र' असा आवाज येतो तो येतोच. हा आवाज ऐकून ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याने ही मोटार आपल्या ऐपतीपलीकडे घेतली आहे, असे माझे मत आहे; जो खाली उतरून पाहतो, हसतो आणि पुढे जातो, त्याची ती ऐपत आहे.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर. 26 जुलै 2005 चा पूर बदलापूर अजून विसरलेले नाही; 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली आणि हजाराहून अधिक प्रवाशांस होड्यांनी बाहेर काढावे लागले. वालधुनी नदीकाठच्या सखल वस्त्यांत तर दरसाल पाणी चढते. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मोटारीत पाणी शिरले आणि मालकाने घाईने ती सुरू केली, तर सिलिंडरात पाणी ओढले जाऊन इंजिनातील दांडे वाकतात. आणि साध्या विमापत्रात हे नुकसान 'मागाहून ओढवलेले' म्हणून बहुधा नाकारले जाते. इंजिन संरक्षणाचे निराळे कलम, आणि सुट्या भागांचा घसारा न कापण्याचे, ज्यास सारे 'झीरो डेप' म्हणतात ते कलम, ही दोन्ही आपल्या भागात चैनीची नव्हेत. हे दुसरे कलम नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत मालकाच्या खिशातून जाते.

पार्किंगचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. इमारतीखालील खुली अथवा खांबांवरील पार्किंगची जागा बिल्डरास स्वतंत्र विकता येत नाही, ती सोसायटीच्या सामाईक मालकीची होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच दिलेला आहे. तेव्हा 'माझी जागा आहे' असे म्हणणाऱ्याने सोसायटीचे वाटपपत्र एकदा काढून पाहावे. उल्हासनगरच्या बाबतीत याच्याही आधीचा एक प्रश्न उपस्थित होतो. मे 2021 मध्ये या शहरात दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. ज्या इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल अद्याप आलेला नाही, तिच्या सावलीत 50 लाखांची मोटार उभी करणाऱ्या सभासदाने दुरुस्ती निधीची वर्गणी मात्र तीन वर्षे थकविलेली असावी, असे चित्र ऐकिवात येते तेव्हा जमाखर्चाहून दुसऱ्याच कशाची तरी तूट जाणवते.

उत्पन्न किती, यापेक्षा ते कोणत्या जातीचे आहे हे पाहणे अधिक महत्त्वाचे. नोकरदाराचा पगार एक तारखेस येतो आणि हप्ता पाच तारखेस जातो, एवढी तरी संगती असते. जीन्सच्या व्यापाऱ्याचे तसे नाही. माल आज जातो, पैसा तीन महिन्यांनी येतो, आणि सणासुदीच्या दोन महिन्यांत वर्षाची निम्मी कमाई होते. त्या दोन महिन्यांतील खातेपुस्तक पाहून घेतलेला निर्णय पुढच्या दहा महिन्यांस भोवतो. शिवाय धंदा एका हुकुमाने बसू शकतो, हे उल्हासनगरने पाहिलेले आहे : वालधुनीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात गेल्या दशकात येथील जीन्स धुलाईचे कारखाने बंद करण्यात आले, आणि त्यांवर अवलंबून असलेल्या कित्येकांची घडी एका हंगामात विस्कटली. व्यापाऱ्याने निदान एक वर्षाचे हप्ते धंद्याबाहेर, हात न लावता, ठेवल्याशिवाय अशा मोटारीचा करार करू नये.

तिसरी जात भूसंपादनाच्या मोबदल्याची. वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्गासाठी अंबरनाथ तालुक्यातील जमिनी गेल्या, आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या भाताशिवाय दुसरे पीक नव्हते तेथे एकाएकी मोठ्या रकमा आल्या. मोबदला म्हणजे उत्पन्न नव्हे. ती जमीनच आहे, रुपयांच्या वेषात आलेली, आणि तिच्यावर पुढच्या पिढीचाही हक्क आहे. मुद्दलातून घेतलेली मोटार पाच वर्षांनी निम्म्यावर येते. अशा घरातील आई जेव्हा मुलास म्हणते, 'एवढ्या पैशांत वालिवलीला ब्लॉक आला असता रे,' तेव्हा तिला कोष्टक ठाऊक नसले तरी तिचा हिशेब बिनचूक असतो : बदलापुरात एका बेडरूमचे साधे घर या रकमेहून कमीत येते आणि त्याचे भाडेही मिळते.

व्यापारी मंडळींत एक युक्ती वारंवार ऐकू येते : 'गाडी कंपनीच्या नावावर घेऊ, कर वाचेल.' यात तथ्य आहे, पण अर्धेच. कंपनीच्या नावावरील मोटारीस महाराष्ट्रात वाहन कर 13 ऐवजी 20 टक्के लागतो, म्हणजे आपल्या उदाहरणात साडेतीन लाख अधिक. खरेदीवरील वस्तू व सेवा कराची वजावट सर्वसाधारण धंद्यास अशा मोटारीवर मिळत नाही. प्राप्तिकरात दरसाल 15 टक्के घसारा आणि कर्जाचे व्याज खर्ची टाकता येते, परंतु मोटार घरच्या कामासही वापरली जात असेल तर तेवढा भाग अधिकारी नामंजूर करू शकतो; आणि लोणावळ्याच्या रविवारच्या फेऱ्या धंद्यासाठी होत्या हे पटवून देणे कठीण.

जुनी घ्यावी काय? तीन-चार वर्षांची मोटार घेणाऱ्यास पहिल्या मालकाने सोसलेल्या झिजेचा फायदा फुकट मिळतो, हे निःसंशय. परंतु निम्म्या किमतीत घेतलेल्या मोटारीचे सुटे भाग निम्म्या किमतीत मिळत नाहीत. हमीची मुदत संपलेली असेल आणि गिअरबॉक्स बिघडला तर लाखांच्या भाषेत बोलावे लागते, आणि अधिकृत दुरुस्तीसाठी बहुधा ठाणे किंवा नवी मुंबई गाठावी लागते. दिल्लीकडील स्वस्त मोटारींविषयी विशेष सावध राहावे : पाटी बदलून महाराष्ट्राची करताना येथील कर नव्याने भरावा लागतो, मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते, आणि पूर्वीच्या मालकाचे कर्ज बेबाक झाले की नाही हे नोंदणीपुस्तकावरील बोजाच्या नोंदीवरून तपासल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये.

आणि वेग? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, जेथे या मोटारीस काही तरी मोकळे अंगण मिळते, तेथे सपाटीवरील कमाल मर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे आणि कॅमेरे जागे असतात. म्हणजे जी शक्ती विकत घेतली ती कायद्याच्या चौकटीत साडेचार-सहा सेकंदांपुरतीच वापरता येते. तेवढ्या सेकंदांचा आनंद खरा असतो, मी तो नाकारीत नाही. त्याची किंमत महिन्यास एक लाख आहे एवढेच.

ज्यांना हे सारे वाचूनही मोटार हवी आहे, त्यांस एक सूचना. नोंदणीची रक्कम देण्यापूर्वी वेगळे बचत खाते उघडा आणि सलग बारा महिने, दर पाच तारखेस, त्यात पूर्ण एक लाख रुपये भरा. हप्त्याएवढे 83 हजार भरून भागणार नाही. दिवाळी, शाळेची फी, जूनमधील गळती दुरुस्ती आणि एखादे आजारपण या वर्षात येईलच. त्या खात्यातून एकदाही पैसा काढावा लागला नाही आणि घरात कोणाची कुरबुर झाली नाही, तर बारा लाख हाती आहेत, खुशाल शोरूममध्ये जा. एक-दोनदा जरी काढावा लागला, तरी ही मोटार तूर्त तुमच्यासाठी नाही. त्या बारा लाखांत एक चांगली, साधी, उंच चाकांची मोटार रोखीने येते, आणि ती बदलापूरच्या खड्ड्यांतून अधिक निर्धास्त जाते.